न संपणारी कांडी

वेदांतला पप्पांच्या मोबाइलचं लॉक कुणी शिकवलं नव्हतं. संदीप रात्री भजी खाता खाता मोबाइल हाताळायचा, आणि तो मोबाइल ट्यूबच्या उजेडात तिरपा धरला की काचेवर तेलकट बोटाची रेघ उमटलेली दिसायची. डावीकडून उजवीकडं, मग खाली, मग तिरकी वर. वेदांत त्या रेघेवरून बोट फिरवायचा आणि लॉक उघडायचं. संदीपनं लॉक बदललं तरी दुसऱ्या दिवशी नवी रेघ तयारच. तिसरीतल्या पोराच्या या डोक्याचं कौतुक करावं की पाठीत धपाटा घालावा, हे घरात कुणाला ठरवता येईना. शेवटी धपाटा आज्जीनं घातला आणि कौतुक तात्यांनी केलं.

घर इचलकरंजीतलं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून इथला खडखडाट थांबतो तो फक्त वीज गेल्यावर. वीज गेली की गल्ली एकदम गप्प होते, आणि नवख्या पाहुण्याला तेव्हा कुठं कळतं की इतका वेळ आपण ओरडून बोलत होतो. तात्यांचं सगळं आयुष्य याच आवाजात गेलं. ते जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. मुलगा संदीप एका कारखान्यात दिवाणजी. सून सुषमा घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. आज्जी, तिसरीतला वेदांत आणि दीड वर्षाची परी. गोष्ट २०२२ सालची, म्हणजे लॉकडाऊन उठून शाळा पुन्हा सुरू झाल्यानंतरची.

वेदांतची पहिली मोबाइलवरच झाली होती. बाईंचा चेहरा त्यानं आधी पाच इंचांत पाहिला आणि मग वर्गात. त्या शाळेसाठी म्हणून हप्त्यावर मोबाइल घेतला. शाळा उघडल्या, हप्ते फिटले, मोबाइल मात्र पोराच्या हातातून सुटला नाही. त्यात २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि लोकांना वाटलं, चला, एक पीडा टळली. पण महिन्याभरात इन्स्टाग्रामवर रील्स आले आणि सप्टेंबरात यूट्यूबवर शॉर्ट्स.

पण एकट्या वेदांतवर खापर फोडण्यात अर्थ नव्हता. संदीपच्या मोबाइलवर दिवसभर मालकांचे मेसेज पडायचे: अमुक बीम कधी उतरणार, तमुक पार्टीचा माल गेला का, कालचं मीटर किती. हे बघता बघता बोट कधी दुसरीकडं सरकायचं ते त्यालाही कळत नसे. सुषमाला गिऱ्हाइकं ब्लाउजच्या गळ्याचे फोटो पाठवायची, आणि मशिनवर बसायचं तर परीला कुठंतरी गुंतवायला हवं, म्हणून परीच्या पुढ्यात मोबाइल. परी मोबाइल लावल्याशिवाय घास घेत नसे. आज्जीच्या मालिका सातला सुरू व्हायच्या आणि नऊपर्यंत एकीतून दुसरी निघायची. तात्यांकडं बटणाचा साधा फोन, त्यामुळं ते स्वतःला या सगळ्यातून वेगळे समजायचे. पण टीव्हीवर एकाच वेळी सहा जण भांडणारं बातम्यांचं चॅनल ते दुपारभर लावून ठेवायचे.

बंदोबस्त पोराचा करायचा ठरला. मोठ्या माणसांना आपला बंदोबस्त सुचत नाही, हे जगजाहीर आहे.

आधी मोबाइल गव्हाच्या डब्यात लपवला. तो वाजला आणि सापडला. मग रोज एक तासाचा नियम झाला. तास संपला की वेदांत म्हणायचा, "पाचच मिनिटं." ती पाच मिनिटं कुठल्या घड्याळातली असायची कुणास ठाऊक. मग संदीपनं कारखान्यातल्या एका तरुण पोराकडून मोबाइलवर फॅमिली लिंक टाकून घेतलं. तास भरला की मोबाइल आपोआप कुलूपबंद. पहिल्याच दिवशी गेम ऐन रंगात असताना पडदा बंद झाला आणि वेदांतनं स्टीलचा पेला असा भिरकावला की भिंतीचा रंग उडाला. दुसऱ्या दिवशी तो शांत होता. संदीपला वाटलं, लागलं वळण. प्रत्यक्षात तो आज्जीशेजारी बसून टीव्हीवर यूट्यूब लावत होता, आणि आज्जीला त्या बदल्यात तिची चुकलेली मालिका लावून देत होता.

शाळेतल्या डोळे तपासणीत वेदांतला नंबर निघाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हे विशेष. त्यांनी वेदांतला समोर उभं केलं आणि सांगितलं, मोबाइल बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात. वीस मिनिटं बघितलं की वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं. मग सुषमाकडं वळल्या. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, लांबच्या माणसांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना फार तर तासभर, तोही मोठ्यांच्या सोबतीनं. पाचच्या पुढं दहापर्यंत दोन तासांच्या आत. जेवताना नाही, झोपायच्या आधी तासभर नाही. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं हे लिहून ठेवलंय म्हणाल्या. "आणि याला उन्हात पाठवा. दिवसाउजेडी बाहेर खेळणाऱ्या मुलांना नंबर लागायचं प्रमाण कमी असतं."

सुषमानं सगळं ऐकून घेतलं. परीच्या बाबतीत मात्र तिला रडूच आलं. ब्लाउज द्यायचे असतात, सासूबाईंचे गुडघे दुखतात, मग पोरीला धरायचं कुणी? डॉक्टरीणबाईंकडं यावर औषध नव्हतं. कुठल्याच डॉक्टरकडं नसतं.

खरी गोम सापडली ती तात्यांना, आणि तीही चुकून. एका संध्याकाळी वेदांत जिन्यात शॉर्ट्स बघत बसला होता. सुषमानं आतून जेवायला हाक मारली. तात्या म्हणाले, "पोरगं बघायलंय काहीतरी. संपलं की घेऊन येतो," आणि त्याच्या मागच्या पायरीवर बसले. एक माणूस पाण्यात पडला. मांजरानं काकडी बघून उडी मारली. कुणी साबण कापला, कुणी ट्रक धुतला. तात्या धीराचे. माग दुरुस्त करताना घाई करून चालत नाही. पण वरण गार झालं, सुषमानं तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा त्यांनी विचारलं, "हे संपतं कवा?"

"संपत नाही तात्या."

"संपत न्हाई म्हंजे?"

"म्हणजे वर सरकवलं की दुसरं येतं."

"आणि ते संपलं की?"

"तिसरं."

रात्री तात्यांनी हा विषय संदीपकडं काढला. मागात धोटा इकडून तिकडं पळतो, त्याच्या पोटात कांडी असते. कांडीवर आडवा धागा गुंडाळलेला. काही मिनिटांत तो धागा सरतो किंवा मध्येच तुटतो. मागाला एक काटा असतो. त्याला धागा लागला नाही की माग जागच्या जागी थांबतो. कुणी बघत असो वा नसो. मग कामगार येतो, कांडी बदलतो, माग पुन्हा सुरू करतो. "कांडी संपत्या म्हणून तर चार माग सांभाळणाऱ्या माणसाला मान वर करायला मिळत्या," तात्या म्हणाले. "ह्या पोराच्या हातात तू बिनकाट्याचा माग दिलायस. कांडी संपत न्हाई आणि माग थांबत न्हाई. मग पोरगं थांबंल कसं? आणि तू त्याला मारायलास."

संदीपला हसू आलं, पण तात्यांना कुणी सांगितलं नव्हतं ते त्यांनी नेमकं धरलं होतं. पूर्वी पान संपायचं आणि पुढच्या पानाचं बटण दाबावं लागायचं. बोट थांबू नये आणि खालून नवं नवं येतच राहावं ही सोय २००६ साली अझा रास्किन नावाच्या अमेरिकी माणसानं काढली, आणि पुढं आपणच काढलेल्या या सोयीबद्दल त्यानं जाहीर हळहळही व्यक्त केली. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप लागतो तोही त्याच जातीचा प्रकार. काटा राहून गेलेला नाही, मुद्दाम काढून टाकलेला आहे. अशा यंत्रापुढं आठ वर्षांच्या पोरानं मनाचा निग्रह दाखवावा, ही अपेक्षा निदान अडतीस वर्षांच्या संदीपनं तरी करू नये. त्याचा निग्रह सगळ्या गल्लीला माहीत होता.

सुषमाचं माहेर सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव. तिथं सातला भोंगा वाजतो आणि सगळं गाव टीव्ही-मोबाइल बंद करतं, हे तिनं भावाच्या तोंडून आणि बातम्यांत ऐकलं होतं. पण बातम्यांत येणाऱ्या गोष्टी चार दिवसांच्या असतात असं तिचं मत. दिवाळीत ती मुलांना घेऊन भाऊबिजेला गेली आणि या वेळी राहिली.

संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला तेव्हा वेदांतला वाटलं कुठंतरी आग लागली. मामांनी टीव्ही बंद केला. मामींनी मोबाइल फडताळात ठेवला. वेदांत हातातला मोबाइल घट्ट धरून बघत राहिला, आता आपल्याला कोण काय बोलतंय म्हणून. कुणीच काही बोललं नाही. तो उठून दारात गेला. समोरच्या घरातला टीव्ही बंद. कट्ट्यावर बसलेल्या माणसांच्या हातात काही नाही.

"मामा, तुम्हीपण बंद?"

"मग? भोंगा काय एकट्या पोरांसाठी वाजतोय?"

मामांनी सांगितलं ते असं. लॉकडाऊननंतर पोरं वर्गात बसेनात, घरी आली की मोबाइल नाहीतर टीव्ही. विजय मोहिते सरपंच. ऑगस्टात, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर गावसभेत ठरलं: सात ते साडेआठ सगळं बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग ज्याला जे बघायचं ते बघावं. आधी गडीमाणसं हसली. आम्ही मालिका फार बघतो, हे बायांनी आधी कबूल केलं. सुरुवातीला पंचायतीची माणसं घरोघर फिरून सांगत होती, चला, बंद करा. आता भोंगाच पुरतो.

वेदांतनं मोबाइल फडताळात ठेवला. मनापासून वगैरे नव्हे. सगळ्या गावात आपणच एकटे मोबाइल घेऊन बसलोय, याची त्याला लाज वाटली म्हणून. लाज ही फार वाईट गोष्ट आहे असं हल्ली म्हणतात. इथं तरी ती उपयोगी पडली.

इचलकरंजीत परतल्यावर सुषमानं जेवताना विषय काढला: आपल्याही घरात सात ते साडेआठ. पहिला विरोध आज्जीचा. सातची मालिका म्हणजे तिचा जीव, आणि त्या आठवड्यात तिथल्या सुनेला घराबाहेर काढणार होते. बरीच घासाघीस झाली. तीच मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागते असा शोध वेदांतनं लावला आणि आज्जीचा विरोध मावळला. तात्यांनी बातम्या सोडल्या. ते म्हणाले, त्यात परवाचं भांडण आज पण चालूच असतंय. संदीपचा प्रश्न मालकांचा होता. त्यावर असं ठरलं की घड्याळाखालच्या फळीवर सगळे मोबाइल आवाज मोठा करून ठेवायचे. फोन वाजला तर उठून, फळीपाशी उभं राहून बोलायचं. मेसेज साडेआठनंतर. भोंगा म्हणून आज्जीची देवघरातली घंटा.

पहिल्या दिवशी घंटा वाजली, मोबाइल फळीवर गेले, टीव्ही बंद झाला. सव्वासातपर्यंत सगळ्यांचं एकमेकांकडं बघून झालं. परी चार हातांत फिरली. संदीपनं पंख्यावरची धूळ बघितली, उद्या पुसायला हवी म्हणाला. वेदांतनं विचारलं, "आता काय करायचं?"

कुणालाच उत्तर देता येईना. पोराच्या हातातून मोबाइल कसा काढावा यावर उपदेश करणारे पायलीला पन्नास भेटतात. काढल्यावर त्या हातात काय द्यावं, इथं येऊन त्यांचं गाडं अडतं. त्या दिवशी दीड तासात वेदांतनं तीन वेळा घड्याळ बघितलं आणि संदीपनं किती वेळा ते मोजायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी ट्रंकेतून सुताचं एक गुंडाळं काढलं. "हिकडं ये. गाठ मारून दाखव." वेदांतनं बुटाच्या लेसची मारतात तशी मारली. तात्यांनी दोन टोकं धरून हलका झटका दिला, गाठ सुटली. "मागात ही गाठ फणीत अडकंल आणि शेजारचे चार धागे तोडंल. आता बघ." दोन टोकं चिमटीत एकावर एक अशी फुली करून त्यांनी अंगठ्याखाली दाबली. एक धागा अंगठ्यावरून मागं फिरवून दोन टोकांच्या मधून पुढं आणला, दुसरं टोक वाकवून त्या फासात सारलं आणि ओढलं. हे सगळं वाचायला जितका वेळ लागला त्याच्या दहाव्या हिश्शात झालं. धाग्यावर खसखशीएवढी गाठ. डोळे मिटून बोट फिरवलं तर कळू नये अशी.

"परत दाखवा," वेदांत म्हणाला.

तात्यांनी परत दाखवली. हळू करायला गेले तर त्यांचीच चुकली. बोटांना वेगानंच सवय होती. मग दोघं खाली मान घालून बसले. वेदांतचा अंगठा फुलीवरून सारखा निसटायचा. टोक फासात घालताना सूत पिंजारायचं, मग तात्या सांगायचे, "ओठाला लाव, टोकदार हुतंय." साडेआठची घंटा झाली तेव्हा आज्जी टीव्हीकडं धावली, संदीप फळीकडं धावला, आणि वेदांत म्हणाला, "थांबा की, एक जमत आल्या."

इथं गोष्ट संपवली असती तर ती छान झाली असती, पण खोटी ठरली असती. कारण चारच दिवसांनी सव्वासातच्या सुमारास फळीवर एक मोबाइल कमी भरला, आणि न्हाणीघरातून 'टुंग' असा आवाज आला. संदीप वीस मिनिटं आत होता. बाहेर आला तेव्हा त्याचे पायसुद्धा ओले नव्हते.

वेदांत काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी घंटा झाली तसा तो फळीवरचा आईचा मोबाइल घेऊन खोलीच्या मधोमध बसला.

"ठेव तो."

"काम आहे."

"तुला कसलं काम?"

"तुम्हाला न्हाणीत असतं तसलंच."

संदीपचा हात उठला. तात्यांनी तो वरच्यावर धरला नाही, तसलं काही नाही. ते जागचे हललेही नाहीत. एवढंच म्हणाले, "संदीप, चालू मागात पाना घालाय जाऊ नको. आधी आपला माग बंद कर."

हात खाली आला. त्या रात्री साडेआठनंतर संदीपनं मालकांना फोन लावला, आणि आजवर न केलेलं धाडस केलं: सात ते साडेआठ मेसेज बघणार नाही, महत्त्वाचं असेल तर फोन करा. पलीकडं क्षणभर शांतता. मग मालक हसले आणि म्हणाले, "माझ्या नातवालाबी सांग की काहीतरी येऊन." पहिल्या आठवड्यात त्यांचे दोनतीन फोन आले. बाकी जे जे तातडीचं म्हणून रोज टुंगटुंगत होतं, ते साडेआठपर्यंत थांबू शकत होतं असं निघालं. खरी अडचण मालकांची नव्हतीच, हे संदीप पुढं स्वतःच म्हणायला लागला.

सुषमाचा प्रश्न कुणी न सोडवता थोडा सुटला. त्या दीड तासात परीला धरायला चार रिकामी माणसं होती. सुषमा तेवढ्यात दोन ब्लाउज उरकू लागली. परीचं जेवणही त्याच वेळेत आलं. पहिले दोन दिवस तिनं रडून घर डोक्यावर घेतलं, एक घास घेतला नाही, आज्जी म्हणाली, "लाव गं तो मोबाइल, पोर उपाशी राहतंय." सुषमानं मन घट्ट केलं. तिसऱ्या दिवशी परीनं तात्यांच्या ताटातला भाकरीचा तुकडा ओढून तोंडात घातला. दुपारी मात्र, शिवणाची घाई असली की, परीपुढं मोबाइल अजूनही कधीमधी येतो. सुषमा ते लपवत नाही.

बाकीच्या वेळेसाठी तात्यांचाच नियम लागू झाला: जे संपतं ते बघायचं. कार्टूनचा एक भाग, अर्धा पिक्चर आज आणि अर्धा उद्या, तेही बाहेरच्या खोलीत मोठ्या टीव्हीवर. आपोआप पुढचं लागायची सोय वेदांतनंच शोधून बंद केली. असल्या बाबतीत तोच घरातला जॉबर. एकदा त्यानं तात्यांना रॅपिअर मागाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ लावून दिला. तात्या पडद्याला नाक लावून बसले. "अरं, धोटाच न्हाई? मग धागा नेतंय कोण?" दोघांनी तो व्हिडिओ थांबवत थांबवत दोन संध्याकाळी बघितला आणि त्यावरून संदीपशी वादही घातला. शॉर्ट्स पूर्ण बंद झाले असं म्हणता येणार नाही. जिन्यात अजूनही कधी वेदांत सापडतो. पण आता जो कोणी त्याच्या मागच्या पायरीवर येऊन बसतो, तो विचारतो, "कांडी संपली काय?" आणि पोरगं वैतागून का होईना, उठतं.

मोठी परीक्षा पुढच्या वर्षी मार्चअखेर आली. आयपीएल. सामना साडेसातला सुरू, आणि त्या वर्षी तर मोबाइलवर फुकट. संदीप चेन्नईवाला, वेदांतही चेन्नईवाला. दोघांनी मिळून अर्ज केला. बैठक बसली. आज्जी म्हणाली, नियम म्हणजे नियम. दुपारच्या मालिकेची तिला आता गोडी लागली होती. सुषमा म्हणाली, घंटा सहाला करू, साडेसातपर्यंत. पण मोबाइलवर नाही, टीव्हीवर, आणि शाळा आहे तोवर वेदांतला पहिलाच डाव. "मग पप्पांना?" वेदांतनं विचारलं. सगळ्यांनी संदीपकडं बघितलं. "मलापण," संदीप म्हणाला, आणि त्याचा चेहरा दातदुखी झाल्यासारखा दिसला.

तात्यांनी मात्र परवानगी दिली. "मॅच संपती रे. वीस ओव्हर झाल्या की संपती. तिला काटा हाय."

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि अंतिम सामन्यात चेन्नई आली, तेव्हा दोन्ही डाव बघायची मुभा मिळाली. अहमदाबादला २८ तारखेला पाऊस. रात्री अकरापर्यंत मंडळी ओलं मैदान बघत बसली, एक चेंडू पडला नाही. २९ ला गुजरातनं २१४ धावा काढल्या, चेन्नईनं तीन चेंडू खेळले आणि पुन्हा पाऊस. पावणेबाराला सुषमा सासऱ्यांना म्हणाली, "मामा, तुमची मॅच संपायची होती ना?" तात्यांनी आभाळाला दोन शिव्या घातल्या. वेदांत चटईवरच झोपून गेला होता. संदीपला सकाळी आठला कारखान्यात जायचं होतं. त्यानं टीव्ही बंद केला. हाताला जड गेलं, पण केला.

सकाळी पेपरवाल्याची सायकल वाजली तसे बापलेक एकाच वेळी दाराकडं धावले. पेपर वेदांतनं पटकावला, मागचं पान उघडलं आणि त्याचं तोंड पडलं. सामना रात्री दीडनंतर संपला होता. त्यांच्या गावची आवृत्ती त्याआधीच छापून निघालेली. पावसाची बातमी, ओल्या खेळपट्टीचा फोटो, निकाल नाहीच. संदीपचा हात फळीकडं गेला आणि पोराकडं बघून मध्येच थांबला.

"बघा की पप्पा," वेदांत म्हणाला. "नियम संध्याकाळचा आहे."

तात्याही आले, आणि तिघांनी एका मोबाइलवर डोकी टेकवली. शेवटच्या दोन चेंडूंत दहा धावा हव्या होत्या. जडेजानं एक षटकार मारला आणि एक चौकार. वेदांत गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला, आणि चालू मागांच्या खडखडाटात ते फारसं ऐकू गेलं नाही. तात्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

"परत एकदा लाव की," ते म्हणाले.